गटाने केलेल्या तीर्थयात्रेहून घरी परतताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ख्रिस्ती तीर्थयात्रेला निघण्याआधी प्रत्येक गटाची एक तरी बैठक होते. बूट कोणते घ्यायचे, औषधं किती दिवसांची ठेवायची, कुठल्या दिवशी कुठे मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) आहे, सगळं तपशिलात सांगितलं जातं. परतीबद्दल मात्र कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी एकच ओळ असते: ‘घराकडे प्रस्थान’. मी गटाबरोबर गेलो आहे, पुढे गट घेऊनही गेलो आहे. माझा अनुभव असा, की माणसं यात्रेत जेवढी गोंधळत नाहीत तेवढी घरी आल्यावरच्या पहिल्या पंधरा दिवसांत गोंधळतात. आपलं मन भरून आलेलं असतं, घर मात्र होतं तसंच असतं, आणि या दोन्हींची सांगड कशी घालायची हे कुणी सांगितलेलं नसतं.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 8व्या अध्यायात एक यात्रेकरू भेटतो. तो आफ्रिकेतल्या कूशी लोकांच्या राणीच्या खजिन्यावरचा अधिकारी. यरुशलेमला उपासनेसाठी जाऊन तो रथातून परत निघाला आहे आणि यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचतो आहे. यरुशलेमात त्याला काय मिळालं याबद्दल तिथे एक शब्दही नाही. जे घडतं ते गज्जाकडे उतरणाऱ्या वाटेवर. शुभवार्ता सांगणारा फिलिप्प रथात येऊन बसतो, वाचलेलं उलगडून सांगतो, वाटेत पाणी लागतं आणि तिथेच त्या माणसाचा बाप्तिस्मा होतो. म्हणून नव्या यात्रेकरूंना मी पहिल्या बैठकीतच सांगतो: परतीचा प्रवास आणि घरी आल्यावरचे काही दिवस यात्रेतच धरा. रजा मागतानाच परतल्यानंतरचे किमान दोन दिवस तिच्यात घाला. रात्री उतरून सकाळी कामावर हजर, असं करू नका.

पहिली पायरी: निघण्याच्या आदल्या संध्याकाळी

गटाची शेवटची संध्याकाळ बहुतेकदा खरेदीत आणि बॅगा भरण्यात जाते. तिच्यातला तासभर बाजूला काढा.

आधी समेट. दहा-बारा दिवस एका बसमध्ये काढले की कुणाशी तरी खटका उडतोच. उशिरा येणाऱ्यांवरून, खिडकीच्या जागेवरून, खोलीतल्या सोबत्याच्या घोरण्यावरून. घरी जाऊन फोन करू म्हटलं की ते राहून जातं. वेदीपाशी अर्पण आणलं आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असं प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं आहे. त्या संध्याकाळी त्या माणसाशेजारी जाऊन बसा. दोन वाक्यं पुरतात, स्पष्टीकरण देत बसू नका.

मग वही उघडा. मोठमोठे शब्द लिहिण्याची गरज नाही. कुठल्या जागी पाय थबकले, कुणाची आठवण आली, कुठलं वचन कानात राहिलं आणि कुठे काहीच वाटलं नाही, एवढं लिहा. शेवटचं जरूर लिहा. ज्या स्थळासाठी वर्षभर पैसे साठवले तिथे गर्दीत मन कोरडं राहिलं आणि बसमध्ये कुणीतरी जपमाळ म्हणत असताना डोळे भरून आले, असं पुष्कळांचं होतं. यात कमीपणा काही नाही, पण लिहून ठेवलं नाही तर घरी आल्यावर आपण लोकांना आवडेल अशी गोष्ट सांगू लागतो आणि हळूहळू आपल्यालाही तीच खरी वाटायला लागते.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक स्त्री पवित्र भूमीची यात्रा करून आली. परतीच्या वाटेवर कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल) असताना तिने मागे राहिलेल्या आपल्या भगिनींसाठी सगळं पत्रात लिहून काढलं. सिनाय डोंगर कसा चढले, यरुशलेमात कुठल्या दिवशी कुठे प्रार्थना होते, लोक कुठून कुठे चालत जातात. त्या पत्राचा काही भाग 1884 मध्ये इटलीतल्या अरेझो इथे एका हस्तलिखितात सापडला. त्या काळी यरुशलेमात पवित्र आठवडा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, कसा पाळत, याची आज आपल्याला असलेली बरीचशी माहिती तिच्या या पत्रातूनच आली आहे. ती घरी पोचेपर्यंत थांबली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

गटाच्या सामाईक पैशांचा हिशोबही त्याच संध्याकाळी पुरा करा. उरलेल्या रकमेचं काय करायचं ते सर्वांसमोर ठरू द्या.

दुसरी पायरी: माणसं मोजा, मग सामान

गटाने केलेल्या यात्रेच्या परतीत काय चुकू शकतं याचं सर्वांत जुनं उदाहरण लूकच्या शुभवर्तमानात आहे. येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमातल्या वल्हांडण या यहुदी सणाहून परतताना मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले. मुलगा सोबतच्या लोकांत असेल असं दोघांनीही धरलं होतं. नातेवाइकांत शोधलं, ओळखीच्यांत शोधलं, तेव्हा कळलं की तो मागेच राहिला आहे. सापडला तो तीन दिवसांनी, मंदिरात. ते निष्काळजी नव्हते. गटात प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याचं लक्ष आहे.

परतीच्या दिवशी हे हमखास होतं, कारण सगळे थकलेले असतात आणि गटप्रमुखाचं लक्ष तिकिटांवर असतं. ‘सगळे आले ना?’ हा प्रश्न विचारूच नका, त्याला उत्तर नेहमी ‘हो’ असतं. प्रत्येकाला एक क्रमांक द्या आणि बस सुटण्याआधी, तपासणीनंतर, विमानात चढण्याआधी तोंडाने क्रमांक म्हणवून घ्या. वयस्कर यात्रेकरूला एक ठरलेला जोडीदार द्या आणि ही जोडी घरचा माणूस समोर येईपर्यंत सुटू देऊ नका. पासपोर्ट गटप्रमुखाकडे ठेवले असतील तर ते आदल्या रात्रीच ज्याचे त्याला परत करा.

सामानाचं थोडक्यात. रोजची औषधं, चष्मा आणि ती वही हातातल्या पिशवीत. आंतरराष्ट्रीय विमानात हातातल्या सामानातली द्रवपदार्थाची बाटली साधारणपणे 100 मिलिलीटरपर्यंतचीच चालते, म्हणून यार्देन नदीचं किंवा फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानाचं पाणी आणि तेलाच्या मोठ्या बाटल्या चेक-इन बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी लावून, दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. माती, बिया, झाडाच्या ओल्या फांद्या आणायला अनेक देशांत मनाई असते किंवा त्या उतरल्यावर जाहीर कराव्या लागतात. जुन्या अवशेषांतला दगड खिशात घालणं तर सरळ गुन्हा ठरू शकतो. बॅग आली नाही किंवा फुटून आली तर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाविषयीच्या मॉन्ट्रियल करारानुसार खराब झालेल्या सामानाची लेखी तक्रार 7 दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची 21 दिवसांत करावी लागते. गटातल्या एकाची बॅग हरवली तर सगळ्यांनी निघून जाऊ नये. कुणीतरी दोघं त्याच्याबरोबर थांबा.

तिसरी पायरी: वाटेत

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. विमान उडालं की लगेच फोटो निवडत बसू नका. वहीतलं एक पान वाचा, स्तोत्रसंहितेतलं 121वं स्तोत्र वाचा. यरुशलेमकडे चढून जाताना म्हणायच्या स्तोत्रांत ते येतं आणि त्याच्या शेवटी परमेश्वर आपलं जाणंही राखील आणि येणंही राखील असं म्हटलं आहे. झोप आली तर झोपा.

चौथी पायरी: दार उघडल्यावर

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

तुम्ही यात्रेत होतात तेव्हा घरी कुणीतरी मागे राहिलं होतं. त्या माणसाने मुलांचं केलं, आजारी माणसाला औषध दिलं, नळ गळला तर दुरुस्त करवून घेतला. तुम्हाला रोज प्रार्थनेचा वेळ मिळाला तो त्याच्या जोरावर. दारात पाऊल ठेवताच तुम्ही डोळे भरून सांगायला लागलात तर तो ऐकेलही, पण त्याच्याजवळही सांगायला बरंच काही साठलेलं असतं. पहिली संध्याकाळ त्याची. ‘तुझे दिवस कसे गेले?’ असं विचारा आणि मध्ये ‘तिकडे आम्ही’ न घालता ऐका. मग घरातलं एखादं काम हातात घ्या, न सांगता.

पहिल्या यात्रेहून आलो तेव्हा मी नेमकं उलटं केलं होतं. आल्याआल्या घरच्यांना समोर बसवून दीड तास बोलत राहिलो आणि दुसऱ्या दिवशी घरात टीव्ही चालू राहतो यावरून त्यांना चार शब्द सुनावले. माझ्या यात्रेबद्दल घरात पुन्हा कुणी काही विचारायला बराच काळ गेला. घरच्यांचं चुकलं नव्हतं. मी यात्रा त्यांच्यापुढे मोजपट्टीसारखी धरली होती.

गरसेकरांच्या प्रदेशात येशूने भूतग्रस्ताला बरं केलं, तेव्हा त्या माणसाने येशूबरोबर राहू देण्याची विनंती केली. प्रभूने त्याला येऊ दिलं नाही. आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं, तुझ्यावर कशी दया केली ते सांग, असं म्हणून परत पाठवलं. यात ‘काय केलं’ आणि ‘कशी दया केली’ हे दोनच विषय आहेत. किती चर्च पाहिली, हॉटेल कसं होतं, मार्गदर्शक किती हुशार होता, हे सांगायला हरकत नाही, पण ती वेगळी गोष्ट झाली. दयेबद्दल सांगायचं असेल तर एकच प्रसंग निवडा. पाच मिनिटांत सांगून होईल एवढा. ज्याला पुढे ऐकायचं आहे तो आपणहून विचारेल आणि त्याच्यासाठी तुमची वही आहेच.

फोटोंचंही तेच. तीनशे फोटो कुणालाही पाठवू नका, दहा निवडा. सहयात्री गुडघे टेकून रडत असतानाचा फोटो तुमच्याकडे असेल तर त्याला विचारल्याशिवाय तो कुठेही टाकू नका. प्रार्थनेतला माणूस उघडा असतो, त्याला झाकणं हे आपलं काम.

पाचवी पायरी: शरीराचं ऐका

परतल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिडचिड, रडू, प्रार्थनेत मन न लागणं हे सुरू झालं की अनेकजण घाबरतात. ‘एवढी कृपा मिळाली आणि लगेच हरवली?’ आधी झोप मोजा. वेळेचा फरक पडला असेल तर शरीराला जुळवून घ्यायला दर तासाच्या फरकामागे साधारण एक दिवस लागतो आणि पूर्वेकडे प्रवास केला असेल तर त्रास जास्त होतो. सकाळच्या उन्हात फिरा, दुपारी लांब झोपू नका, या दिवसांत मोठे निर्णय घेऊ नका. नोकरी सोडण्याचा, मठात जाण्याचा, कुणाशी संबंध तोडण्याचा विचार यात्रेत आला असेल तर तो लिहून ठेवा आणि महिन्याभराने आपल्या धर्मगुरूंपुढे किंवा पाळकांपुढे मांडा.

एकाच पायाच्या पोटरीत सूज, दुखणं किंवा ऊब जाणवली तर डॉक्टरांना लगेच दाखवा. चार तासांहून लांबच्या प्रवासात बसून राहिल्याने रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती काही आठवड्यांनीही लक्षात येते. दम लागला किंवा छातीत दुखलं तर वाट न पाहता रुग्णालयात जा. ताप आला तर कुठल्या देशात जाऊन आलात हे डॉक्टरांना आधी सांगा. चालत यात्रा केली असेल तर पायांचे फोड पूर्ण भरू द्या, तोवर ते बूट घालू नका.

सहावी पायरी: आणलेल्या वस्तू

यात्रेहून काहीतरी आणणं ही फार जुनी रीत आहे. सहाव्या शतकातले यात्रेकरू यरुशलेमहून कथील-शिशाच्या छोट्या कुप्यांत तेल आणत. अशा कुप्या इटलीतल्या मोंझा इथे आजही जपून ठेवल्या आहेत. मध्ययुगात यरुशलेमहून येणारा ताडाची फांदी आणी आणि स्पेनमधल्या सँटियागोहून येणारा शिंपला. तेव्हा वस्तू आणण्यात संकोच कशाला?

फक्त त्यांच्याशी नीट वागा. जपमाळ, क्रूस, पदक कुणाला द्यायचं ते नावानिशी ठरवा आणि देताना हातात द्या, टेबलावर ढीग करून ‘हवं ते घ्या’ म्हणू नका. आशीर्वाद घेतलेली वस्तू विकायची नाही. मोडली तर कचऱ्यात न टाकता पुरावी किंवा जाळावी, असा कॅथलिक चर्चमधला प्रघात आहे. संतांचे अवशेष विकायला तर चर्चच्या कायद्यातच सक्त मनाई आहे, म्हणून कुणी असं काही विकत असेल तर घेऊ नका. नदीचं किंवा झऱ्याचं पाणी आणलं असेल तर ते प्रार्थनेच्या वेळी कपाळाला लावण्यापुरतं ठेवा. नदीचं पाणी शुद्ध केलेलं नसतं, आजारी माणसाला प्यायला देऊ नका. त्याच्या औषधाच्या जागी तर मुळीच नाही.

सातवी पायरी: पहिला रविवार

घरच्या चर्चमध्ये पहिल्या रविवारी जा, कितीही थकवा असो. गाणारे चार जण बेसूर असतील, प्रवचन लांबेल, आणि मन म्हणेल, तिकडे किती वेगळं होतं. ते खरंच वेगळं होतं. तिकडे तुम्ही पाहुणे होतात. इथे खुर्च्या मांडणारा माणूस कमी आहे.

धर्मगुरूंना आधी भेटून परतलेल्या गटासाठी प्रार्थना घ्यायला सांगा. कॅथलिक चर्चच्या आशीर्वादविधींच्या पुस्तकात यात्रेकरूंच्या निघण्यासाठी आहे तसा परतीसाठीही स्वतंत्र विधी आहे, पण मागितल्याशिवाय तो क्वचितच होतो. व्हॅटिकनने 2001 मध्ये लोकभक्तीविषयी काढलेल्या मार्गदर्शिकेतही म्हटलं आहे की यात्रेचा शेवट उपासनेने व्हावा, त्या तीर्थस्थानी किंवा जिथून गट निघाला त्या चर्चमध्ये. मला दुसरा पर्याय जास्त भावतो. ज्यांनी निरोप दिला होता त्यांच्यासमोरच यात्रा पुरी होते.

आठवी पायरी: जे मागितलं ते झालं नसेल तर

काहीजण आजार घेऊन जातात आणि आजार घेऊनच येतात. काहीजण मूल व्हावं म्हणून जातात, कुणाचं लग्न वाचावं म्हणून. घरी आल्यावर लोक विचारतात, ‘मग, काही फरक पडला?’ हा प्रश्न फार लागतो. त्याला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. ‘प्रार्थना केली, अजून करतो आहे’ एवढं पुरे.

लूर्दचं नाव घेतलं की लोकांना चमत्कार आठवतात. 1858 मध्ये बर्नादेत नावाच्या तिथल्या एका मुलीला पवित्र मरियेची 18 दर्शनं झाली, तेव्हापासून लाखो आजारी माणसं तिथे गेली. पण चर्चने कसून तपासून चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना शंभरही भरत नाहीत. बर्नादेत स्वतः आयुष्यभर आजारी होती आणि वयाच्या 35व्या वर्षी वारली. बरं होऊन न परतलेला यात्रेकरू म्हणजे ज्याची श्रद्धा कमी पडली असा माणूस, असं कुणी तुम्हाला म्हणालं तर त्यांना बर्नादेतचं सांगा. आणि तुमच्याच गटात असा कुणी असेल तर त्याला पहिल्या आठवड्यात फोन करा. बाकीचे आनंदात असताना त्याला गटाच्या संदेशांत काही लिहिताही येत नसतं.

नववी पायरी: गटाचं पुढे काय

व्हॉट्सॲपवरचा यात्रेचा गट पहिले चार दिवस वाहत असतो, मग शुभेच्छांची चित्रं येऊ लागतात, मग शांत होतो. तो ताणून जिवंत ठेवायची गरज नाही. महिन्याभराने एकदा प्रत्यक्ष भेटा, तारीख मात्र परतीच्या वाटेवरच ठरवून टाका, नाहीतर जमत नाही. भेटीत प्रत्येकाने एवढंच सांगायचं: घरी आल्यावर काय टिकलं आणि काय सुटलं. फोटो शेवटी. बोललेला नवस कुणाचा राहिला असेल तर तोही इथे आठवतो.

रोजचा एक छोटा नेम धरायचा असेल तर यात्रेतलाच धरा. बसमध्ये सकाळी एक दशक (दहा मण्यांचा एक भाग) जपमाळ म्हणत होतात ना, तेवढंच घरी म्हणा, त्याच वेळी. तासभर प्रार्थनेचा संकल्प तिसऱ्या आठवड्यात मोडतो, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता आधीच सांगून टाकतो.

शेवटची पायरी: नावांची यादी

निघताना लोकांनी तुमच्याकडे नावं दिली होती. ‘तिथे गेल्यावर माझ्या आईसाठी प्रार्थना करा.’ ‘मुलाच्या परीक्षेसाठी.’ कुणी चिठ्ठी दिली असेल, कुणी नुसतं हात धरून म्हटलं असेल. ती यादी आता बाहेर काढा आणि एकेका माणसाला भेटा किंवा फोन करा. ‘तुमच्या आईचं नाव घेतलं’ एवढ्यावर थांबू नका. कुठे घेतलं, सकाळी की संध्याकाळी, तेव्हा आजूबाजूला काय चाललं होतं ते सांगा. पाऊस पडत होता, मेणबत्ती दोनदा विझली, तिसऱ्यांदा लागली. जो येऊ शकला नाही त्याच्या हातात एवढं तरी पडतं.

मोठ्या गटात पन्नास-साठ नावं सहज होतात. सगळी एका दिवशी संपवू नका, रोज दोन-तीन घ्या. एखाद्याचं नाव घ्यायला विसरला असाल तर खोटं सांगू नका. तिथेच त्याच्यासमोर म्हणा, ‘राहून गेलं, आता करूया,’ आणि दोघं मिळून प्रार्थना करा.

आणि एखादं नाव असं निघेल की तुम्ही तिकडे असतानाच ते माणूस गेलेलं असेल. तिथे फोन करू नका, प्रत्यक्ष जा. वही सोबत न्या. ज्या दिवशी ते नाव घेतलं होतं ते पान उघडून तारीख दाखवा, वेळ दाखवा. घरचे ती वेळ आपल्या त्या दिवसाशी जुळवून पाहतील. जुळो न जुळो, तुम्ही काही समजावू नका. ते पान त्यांनी मागितलं तर फाडून द्या.